आधी उंदीर, मग मामाजी

हेडाऊ मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते बाहीकडे. भिलाईतल्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी गणित आणि स्टॅटिस्टिक्स शिकवायला नुकताच रुजू झालो होतो, नवा शर्ट घालून स्टाफरूममध्ये बसलो होतो आणि आपण बरे दिसतो आहोत अशा समजुतीत होतो. एक ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई आत आल्या, सरळ माझ्यापाशी आल्या, बाहीचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून हलकंच चोळलं आणि म्हणाल्या, "कॉटन म्हणून घेतला का, सर?"

"हो."

"अर्ध्याच्या वर पॉलिस्टर आहे. घाम येईन तेव्हा समजन तुमाले."

एवढं झाल्यावर त्यांनी आपलं नाव सांगितलं. घाम दुपारीच आला आणि त्यांचं म्हणणं पटलं.

माहेर मोहाडीचं, घरात हातमाग. लहानपणी बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा या सुताच्या गुंड्या सोडवत बसायच्या. त्यामुळे कापड दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. स्टाफची बाही, विद्यार्थिनींचा दुपट्टा, प्राचार्यांच्या खोलीतला पडदा, काही सुटायचं नाही. एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून एक बडे परीक्षक आले होते. ते प्रश्न विचारत असताना शेजारी बसलेल्या मॅडमनी त्यांचा टाय चिमटीत धरला. परीक्षक अर्ध्या प्रश्नावर थांबले. मॅडम म्हणाल्या, "सिल्क आहे, खरं सिल्क," आणि सोडून दिला. त्या दिवशी सगळी मुलं पास झाली, आणि त्याचं श्रेय मी अजूनही त्या टायला देतो.

अशा बाईंनी आयुष्यभर जे काम केलं तेही धाग्याचंच होतं. फक्त धागा डोळ्यांना दिसत नसे. त्यांच्या लॅबमध्ये एक यंत्र होतं. एका बाजूला सिरिंज, तिच्यात औषध मिसळलेलं चिकट द्रावण. समोर फिरणारा ड्रम, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळलेली. ड्रम जवळच्याच रसमड्याच्या एका वर्कशॉपमध्ये उभं राहून त्यांनी स्वतः करून घेतला होता. सुईला जबरदस्त व्होल्टेज दिलं की टोकावरच्या थेंबातून धागा सुटायचा आणि ड्रमकडे झेप घ्यायचा. केसापेक्षा कितीतरी पटीनं बारीक. तास-दोन तासांनी फॉइलवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा जमायचा. तीच त्यांची पट्टी. ती जखमेवर ठेवली की धाग्यांत अडकलेलं औषध हळूहळू, कित्येक दिवस झिरपत राहणार. रोज पट्टी ओढून काढायची नाही, नवी कातडी सोलली जायची नाही. आमचे लॅब अटेंडंट साहू भैया त्या यंत्राला "बुढिया के बाल वाली मशीन" म्हणायचे. जत्रेतल्या गुलाबी साखरेच्या कापसाचं यंत्र त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या मते तत्त्व एकच होतं. मॅडमनाही ते मान्य होतं.

"पट्टीत औषध भरणं सोपं आहे, सर," मॅडम म्हणायच्या. "त्याले धरून ठेवणं कठीण." नवीन पट्टी पाण्यात टाकली की बहुतेक औषध पहिल्या काही तासांतच भसकन बाहेर यायचं. याला त्यांच्या शास्त्रात बर्स्ट म्हणतात. या बर्स्टशी त्यांची उभी हयात भांडण्यात गेली, आणि सवयीनं त्या माणसंही त्याच हिशेबानं मोजू लागल्या. आमचे प्राचार्य सभेत धडाधड आश्वासनं देत आणि पुढच्या आठवड्यात कोरडे होत. ते बर्स्ट. मला कोणी काही गुपित सांगितलं तर ते पद्मनाभपुरात माझ्या घरी पोचायच्या आत चार जणांना कळलेलं असे. "सर तर पूर्ण बर्स्ट आहेत," असं त्या माझ्यादेखत सांगायच्या आणि मला ते नाकारता येत नसे.

त्या स्वतः मात्र सगळंच थेंबाथेंबानं सोडत. मी त्यांच्या एका प्रयोगाचं गणित करून दिलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे." दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉरिडॉरमध्ये भेटल्या आणि मागचंपुढचं काही न सांगता म्हणाल्या, "चांगलं होतं तसं ते." संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाल्या, "लय चांगलं होतं, सर." ते काय, हे आठवायला मला अर्धा लाडू लागला.

आता कूलरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या धाग्याला हवेतला ओलावा खपत नाही. पावसाळ्यात यंत्र बंदच असे. काम व्हायचं ते कोरड्या हवेत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत. आणि भिलाईत एप्रिल-मे काढायचा म्हणजे कूलर पाहिजे. आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला कपाटाएवढा कूलर होता, त्याची हवा एकाच डक्टमधून मॅडमची लॅब आणि माझी खोली अशी दोन्हीकडे जायची. कूलर लावला की धाग्याला गाठी पडायच्या आणि पट्टी वाया जायची. लॅबला एसी होता, पण तो दर उन्हाळ्यात सगळ्यांच्या आधी आजारी पडे. तेव्हा ऐन लूच्या दिवसांत आमच्या कॉरिडॉरमध्ये कूलर बंद. ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन कोणी लॅबच्या दाराशी आलं तरी मॅडम त्याला बाहेर काढायच्या. मी माझ्या खोलीत उकडून निघत असे आणि भिंतीपलीकडे त्याही निघत असत. त्यामुळे भांडायलाही धड कारण मिळत नसे.

रुआबांध्याला त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जायचो, आणि तिथं मला भेटले त्यांचे सासरे. मॅडम त्यांना मामाजी म्हणायच्या म्हणून आम्हीही मामाजीच म्हणायचो. भंडाऱ्याकडचं गाव सोडून तरुणपणी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात लागलेले, भट्टीवर काम केलेले, आवाज अजून भट्टीवरचाच. समोर बसलेल्या माणसाशीही मशिनरीच्या आवाजात बोलायचे. शुगर बरीच जुनी. पायाची जाणीव जवळजवळ गेलेली. त्यांनी एका मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर अनवाणी फिरून पापड वाळलेत का ते पाहिलं होतं. तळपाय भाजला हे संध्याकाळी फरशीवर डाग दिसल्यावर कळलं.

ती जखम भरेना. हिवाळा गेला, पुन्हा ऊन आलं, जखम तिथंच. हॉस्पिटलच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगून टाकलं होतं की असंच चाललं तर अंगठा आणि बाजूचं बोट काढावं लागेल, आणि पुढं काय ते सांगता येत नाही. पायावर भार टाकू नका, बसून राहा, हे तर तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण मामाजींना सकाळी चौकात चहा प्यायचा असे, आणि चौकातला चहा घरी बसून पिता येत नाही.

याच सुमाराला मॅडमच्या पट्टीनं उंदरांच्या जखमा भरू लागल्या. ही बातमी घरात कोणी फोडली हे सांगायची गरज नाही. मी शेजारीच बसलो होतो.

"उंदरायची जखम भरली म्हंते," मामाजी म्हणाले. "माही कावून नाही भरत?"

"भरन, मामाजी. चालणं बंद करा."

"चालणं राहू दे. ते पट्टी लाव ना मले."

"नाही लावता येत. आधी उंदीर, मग ससे, मग परवानगी, मग माणसं. रांग आहे."

"अन् म्या कुठं हावो रांगीत?"

"सगळ्यांच्या मागं."

"घरचा माणूस सगळ्यायच्या मांगं?"

"घरचा आहे म्हणूनच."

मामाजी माझ्याकडे वळले. "सर, एवढी वर्सं प्लांटात काढली. कॅन्टीनमंदी लय लाइना लावल्या. पण उंदराच्या मांगं उभं राहाची पाळी नव्हती आली कधी."

मी हसलो. मग मॅडम पाय धुवायचं भांडं घेऊन आल्या आणि खाली बसल्या. साध्या सलाइनमध्ये जुनं गॉझ भिजवून, चिकटलेलं एकेक टोक मोकळं करत त्यांनी ते काढलं. मामाजींना काहीच कळत नव्हतं, ते मला क्रिकेट सांगत होते. जखम मी पाहिली आणि नजर फिरवली. मॅडमनी ती स्वच्छ केली, नवं गॉझ ठेवलं, बँडेज बांधलं. हे त्या रोज करत होत्या. कॉलेजच्या कपाटात जे ठेवलेलं होतं त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि रोज संध्याकाळी त्या हे साधं गॉझ बांधत होत्या. बाहेर मला सोडायला आल्या तेव्हा मी म्हणालोच, "मॅडम, एकदा लावून पाहिलं तर? कोणाला कळणार आहे?"

त्या फाटकाची कडी लावत-उघडत राहिल्या. "बरं झालं तर मी कोणाले सांगू, सर? अन् बिघडलं तर मी मले काय सांगू?" मग म्हणाल्या, "मले रोज वाटते लावावं. रोज." त्यांचे डोळे भरून आले होते.

मामाजी मात्र हटणारे नव्हते. मे महिन्यात एका भर दुपारी ते ऑटो करून, काठी टेकत थेट कॉलेजात हजर झाले. "कोनते उंदीर हायेत ते पाहू तर दे," म्हणाले. मॅडमचं यंत्र चालू होतं, पापुद्रा जमायला अजून वेळ होता. त्या त्यांना ॲनिमल हाउसमध्ये घेऊन गेल्या, मीही गेलो. एका पिंजऱ्यात गुबगुबीत पांढरा उंदीर बसला होता, पाठीवरच्या जखमेच्या जागी नवे केस आलेले. मामाजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"याले शुगर हाय का?"

"हो. दिली आहे त्याले."

"देल्ली? आधी शुगर देता अन् मंग बरं करता? मले तं फुकटात झाली बाप्पा."

आम्ही परत येऊन माझ्या खोलीत बसलो. मामाजी उंदराची खुशाली सांगत होते आणि मॅडम पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात देत होत्या. देता देता त्या थांबल्या. खोलीत छान गार वारा येत होता. त्यात कूलरच्या ओल्या खसचा वास होता.

ग्लास माझ्या हातात कोंबून त्या धावल्या. त्याचं असं झालं होतं की हेडाऊ मॅडमचे सासरे आलेत हे प्राचार्यांना कळलं. आमच्या मुलखात उन्हातून आलेल्या पाहुण्याला पाण्याच्याही आधी कूलरची हवा देतात. "बाबूजी इतनी धूप में आए हैं, और हम उनको लू खिलाएँगे क्या?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं होतं, आणि वर दोन बादल्या पाणीही ओतलं होतं.

पट्टी गेली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर धाग्यावर गाठीच गाठी. तरी त्यातल्या त्यात बरं असं की त्या दिवशीची पट्टी औषधाशिवायची होती, औषधाच्या पट्टीशी तुलना करायला कोरी पट्टी लागते तशी. मॅडमनी फॉइलसकट ती चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ओशाळलेल्या प्राचार्यांना म्हणाल्या, "तुमी पाव्हण्याले हवा देल्ली, सर. काय चुकलं?" प्राचार्य खूश होऊन गेले. मॅडमचा राग नंतर हप्त्याहप्त्यानं बाहेर पडला आणि शेवटचा हप्ता प्राचार्यांना गणपतीत मिळाला.

त्यानंतर मामाजी एकाएकी शहाणे झाले. चौकात जाणं बंद. दिवसभर दिवाणावर, पाय उशीवर, पायात मोजा. बाथरूमला जायचं तरी काठीवर सगळा भार टाकून, पाऊल न टेकता. मॅडम चहा हातात द्यायच्या आणि चकित व्हायच्या. जखम लहान होऊ लागली. डॉक्टरनं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, आता बोटं काढायचं नाव काढू नका. मॅडमनी त्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना पेढे वाटले, तेही एकदम, पूर्ण डबा. एवढं मोठं बर्स्ट त्यांच्याकडून मी दुसरं पाहिलं नाही.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. बँडेज बदलायला मॅडमनी मामाजींचा मोजा ओढला, आणि त्यातून चुरगळलेल्या फॉइलचा तुकडा खाली पडला. एका बाजूला पांढरा पापुद्रा, मळून काळा झालेला. मॅडम ओळखणार नाहीत असं शक्यच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "जखमेवर ठेवली?"

"जखमेवर कशी ठेवन?" मामाजी घाबरून भट्टीच्या आवाजात ओरडले. "तू बांधलेलं सोडलं असतं तं तुले समजलं असतं ना. त्या दिवशी तुह्या कचऱ्याच्या डब्यातून उचलली अन् बँडेजच्या वरून ठेवली. तू गेली का ठेवाची, तू घरी याच्या आंधी काढून उशीखाली. आज विसरलो. अन् सरकू नये म्हणून बसून राहिलो एका जागी."

मॅडम आधी जखमेकडे पाहत राहिल्या, मग फॉइलकडे, मग मामाजींकडे. मग त्या फरशीवर बसूनच हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. पट्टीत औषध नव्हतं. होतं तेही कूलरनं खराब झालेलं. आणि ठेवली होती ती बँडेजच्या वरून. बरं केलं होतं ते फक्त बसून राहण्यानं, जे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होता.

हे मॅडमनी मामाजींना परोपरीनं समजावलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून अख्ख्या रुआबांध्याला सांगितलं की सूनबाईची पट्टी बँडेजच्या वरूनही काम करते. आठवड्याभरात फाटकाशी माणसं येऊ लागली. कोणाचा भाजलेला हात, कोणाचा पाय, एक जण तर टक्कल घेऊन आला. मॅडम प्रत्येकाला तेच सांगत, "ते पट्टी नव्हती, भाऊ. काहीच नव्हतं तिच्यात. हॉस्पिटलात जा." स्वतःच्या पट्टीची निंदा करून त्यांचा घसा बसला. मामाजींचाही संताप व्हायचा. "मी तुहं नाव मोठं करून राहिलो अन् तू मले खोटा पाडून राहिली," म्हणायचे. सासरा-सून कित्येक दिवस माझ्यामार्फत बोलत होते, आणि मी मधल्या मधे सगळं वाढवून सांगत होतो.

पुढं ससे झाले, कागदपत्रं झाली, आणि बऱ्याच वाट पाहण्यानंतर माणसांवर पट्टी लावून पाहायची परवानगी आली. रायपूरच्या एका हॉस्पिटलात पहिला पेशंट ठरला. आकडेवारीचं काम माझ्याकडे म्हणून मलाही बोलावलं होतं. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो, त्यानंतर लगेच मी मुलीकडे राहायला भिलाई सोडली. मामाजी हट्टानं गाडीत येऊन बसले. पायात खास करून घेतलेले बूट, पाय पूर्ण भरलेला. "जखम पाहिजे तेव्हा नाही आता," असं रस्ताभर कुरकुरत होते. सूनबाईच्या रांगेतला नंबर हुकला याचं दुःख त्यांना अजून होतं.

पेशंट धमतरीकडचा एक ट्रकवाला होता. पाय पुढं करून पलंगावर बसलेला आणि चांगलाच घाबरलेला. डॉक्टर तयारी करत होते. मॅडम आणि मी दाराशी उभे होतो. मामाजी स्टूल ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसले. आता बँडेजच्या वरूनची गोष्ट निघणार हे नक्की होतं.

"बाबा, आपको लगाए थे क्या ये वाला?" ट्रकवाल्यानं विचारलं.

मामाजींनी दाराकडे पाहिलं नाही. पण पहिल्यांदाच त्यांचा आवाज भट्टीवरचा नव्हता. "नहीं बेटा," ते म्हणाले. "बहू है मेरी. मैं रोज माँगता था, उसने नहीं लगाया. घर का आदमी था ना. तब पक्का नहीं था." मग त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेरे को लगा रही है, मतलब अब हो गया होगा."

 डॉक्टरनं चिमट्यानं पट्टी उचलली तेव्हा मॅडम आत गेल्या आणि मामाजींच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. पट्टी जखमेवर बसेपर्यंत त्यांनी मामाजींच्या सदऱ्याची बाही अंगठा आणि तर्जनीत धरून ठेवली होती, कापड कसलं आहे हे न पाहता.